सुनेत्रा, चहा टाक गं!

द्वारका, नवी दिल्ली
१९ सप्टेंबर २०२५

चि. मानस,

तुला आणि मयुराला अनेक आशीर्वाद. पुण्याला बाबांचा पक्ष नीट पार पडला, ऐकून बरं वाटलं. इथे मीही बाल्कनीत पान ठेवलं होतं. कावळा फिरकला नाही, कबुतरंच तुटून पडली. बाबा म्हणाले असते, दिल्लीत पितरसुद्धा मिळेल त्या गाडीने येतात.

बाबांचे ते मेमरी चिप कंपनीचे शेअर विकायचे कागद मिळाले. आठवडाभर देवापाशी पडलेत. फोनवर मी तुला म्हटलं, मेमरी चिपचा बाजार आता कुठे उठलाय, एवढी घाई कशाला? बाबांचंच ऐकून ऐकून पाठ झालंय. माल जास्त झाला की भाव कोसळतो, कारखाने हात आखडता घेतात, मग टंचाई होते आणि भाव चढतो. मंदीत घ्यायचं आणि गप्प बसायचं. त्यांनी मंदीतच घेतले, तर भाव आणखी पडला. तो वर यायच्या आत ते गेले.

पण खरं कारण ते नाही रे. मला शेअरमधलं काय कळतंय, कप्पाळ!

त्यांचा टॅब आठवतो? शेअरचा भाव आपल्या खरेदीच्या भावाला पोचला की वाजावा, म्हणून त्यांनी गजरात स्वतःचा आवाज भरला होता. "सुनेत्रा, चहा टाक गं! आलं घालून!" मी चिडवायचे, तुमची मंदी संपेपर्यंत आल्याची सुंठ होईल. ते असेतो तो गजर एकदाही वाजला नाही.

ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी दिवा लावत होते. तेव्हाच तिकडे अमेरिकेचा बाजार उघडतो. आतून हाक आली, "सुनेत्रा, चहा टाक गं!" काडी हातातच विझली. आणि मी खरंच जाऊन चहा टाकला, दोघांचा.

मग भाव खाली जायचा, पुन्हा चढायचा, चढला की हाक. मी रोज दिवा लावून वाट बघायचे. आता भाव पार वर गेलाय, खरेदीच्या भावापर्यंत खाली येतच नाही, आणि घर मुकं झालंय. तुम्ही खूश आहात आणि मी देवाला म्हणतेय, पडू दे रे मेला एकदा! म्हण मला वेडी.

तू म्हणशील, रेकॉर्डिंग आहे की, कधीही लाव. लावलं ना! आपणच बटण दाबून ऐकायचं, त्याला काय हाक म्हणतात? शेअर विकले की गजरही जाईल, म्हणून सही होत नव्हती.

परवा, पक्षाच्या संध्याकाळी, हाक आली. "सुनेत्रा, चहा टाक गं! गवती चहा घालून!"

मी धावले. टॅब चार्जिंग संपून केव्हाचा बंद पडलेला. आणि मानस, गवती चहाची कुंडी मी ते गेल्यानंतर आणली आहे.

चलो, सह्या करून कागद पाठवतेय. विक खुशाल, त्या पैशांत तुमचं घर घ्या. त्या भावाची मला आता गरज नाही. फक्त मला पुण्याला ये म्हणू नकोस. संध्याकाळी घराला कुलूप असून चालायचं नाही.

तुम्हा दोघांना आम्हा दोघांचे आशीर्वाद.

आई