तो घर

अण्णा, ठाण्यातल्या पहिल्या गणपतीत आरतीनंतर तुम्ही हाक दिलीत आणि कोणीच उत्तर दिलं नाही, त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. मी आता नोकरीला लागलोय, मिशी ठेवलीय, आई म्हणते मागून बघितलं तर तुम्हीच. पण तुम्ही असतात तर हे तुमच्या तोंडावर सांगायचं मला जमलं असतं असं वाटत नाही, म्हणून लिहितोय. शुद्धलेखनाकडे बघू नका. कराचीच्या शाळेत मराठी मला कोणी शिकवलंच नाही, जे येतं ते तुमच्याकडून.

कराचीत मी शाळेत इंग्रजी बोलायचो, जिन्यात सिंधी, आणि उंबरा ओलांडला की तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचात, "इथे मराठी." एकदा मी आईला "आय ॲम हंग्री" म्हणालो तर तुम्ही मला परत जिन्यात पाठवलंत. "पुन्हा आत ये, आणि भूक मराठीत लागू दे." आजोबा रत्नागिरीहून बंदरात कारकून म्हणून आलेले, तुमचा जन्म तिथलाच, कोकण तुम्ही आयुष्यात दोनदा पाहिलेलं. तरी गणपतीचे दहा दिवस तुम्ही म्हणजे राजा. मूर्ती कुठून आणायची, नाटकात कोण, पोरांची पाठांतरं, सगळे तुम्हाला विचारणार. आपण मराठी आहोत हे तिथे दरवर्षी नव्याने उभं करावं लागायचं, आणि ते तुम्ही करायचात. खालच्या मजल्यावरची मिठाईवाल्यांची अम्मा, तिची मुलं, गल्लीतले सगळे सिंधी आरतीला यायचे. विसर्जनाला समुद्रावर गेलं की ते त्यांच्या पाण्याच्या देवाला हाक मारायचे. एकाने म्हणायचं "झूलेलाल", बाकीच्यांनी म्हणायचं "बेडाही पार", म्हणजे नाव पैलतीराला लागली. केव्हातरी ती हाक आपल्या आरतीच्या शेवटी येऊन चिकटली. हाक तुम्ही द्यायचात, उत्तर आम्ही पोरं द्यायचो, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा. मला वाटायचं आरती सगळ्या जगात अशीच संपते.

फाळणी झाली, आपण बोटीने आलो, नौपाड्यात चाळीत दोन खोल्या मिळाल्या. इथे भाजीवाली मराठी, पोस्टमन मराठी, भांडणंसुद्धा मराठीत. मी खूश होतो अगदी. तुम्ही मात्र पायऱ्यांवर बसून नुसते ऐकत राहायचात. गणपती जवळ आले तसे तुम्ही इस्त्रीचा कोट घालून चाळीच्या सेक्रेटरींकडे गेलात. मी बरोबर आलेलो. तुम्ही म्हणालात, "मला वीस वर्षांचा अनुभव आहे." ते म्हणाले, "अहो कराचीकर, इथे गणपती बसवायला अनुभव कशाला लागतो?" वाईट माणूस नव्हता तो, खरं तेच सांगत होता. तुम्हाला खुर्च्या मांडायचं काम मिळालं आणि तुम्ही त्या दोरी धरून सरळ रांगेत मांडल्यात.

आणि मग ती आरती. तुम्ही डोळे मिटून टाळ्या वाजवताय. सगळं म्हणून होतं, कापराचं ताट फिरायला लागतं, आणि तुमच्या तोंडून नेहमीसारखं निघतं, "झूलेलाल." एकदम शांत. मागून कोणीतरी विचारतो, "हे कोण रे नवीन दैवत?" दुसरा म्हणतो, "झोपाळ्यावर बसतं वाटतं." हसतात सगळे. तुम्ही डोळे उघडता आणि मला शोधता. मी तुमच्यापासून चार हातांवर होतो, माझ्या नव्या वर्गातली दोन मुलं माझ्या शेजारी होती. मी कापराच्या ताटावर हात धरले, डोळ्यांना लावले, पुन्हा धरले. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात.

घरी आल्यावर तुम्ही कोट खुंटीला लावत विचारलंत, "विसरलास का रे?" मी म्हणालो, "हो." तुम्ही म्हणालात, "एका वर्षात?" मी पुन्हा "हो" म्हणालो. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही घाबरलात, अण्णा. तुम्ही पलंगावर बसलात आणि आईला म्हणालात, "मराठीची आता काळजी नाही, ती इथे रस्त्यावर मिळते. हे सिंधी बोलणं मात्र जाईल." आई म्हणाली, "जाऊ दे की. त्याला इथे राहायचंय."

पुढच्या रविवारपासून मला कल्याण कॅम्पात नेणं सुरू झालं. लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये गोणपाटाचे पडदे लावून सिंधी कुटुंबं राहत होती, आणि तुम्ही तिथल्या बाप्यांना मराठी अक्षरं शिकवायला जायचात, रेशनचे फॉर्म त्यांना वाचता यावेत म्हणून. तिथे तुम्ही पुन्हा ते कराचीतले अण्णा होतात. लोक लांबूनच "साईं" म्हणून उभे राहायचे. स्टेशनापासून कॅम्पापर्यंतच्या चालण्यात माझा क्लास. तुम्ही म्हणायचात, "घाबरू नको, अर्धी भाषा तर आपलीच आहे. ‘आहे’ला ते ‘आहे’च म्हणतात. म्हण, मुंहिंजो घर कराचीअ में आहे." माझं घर कराचीत आहे. मी मुद्दाम अडखळत म्हणायचो, "मुंहिंजी घर." तुम्ही थांबायचात. रस्त्यात मध्येच थांबायचात, मागून टांगा येत असला तरी. "जी नाही, जो. आपल्याकडे ते घर, त्यांच्याकडे तो घर." मग मी बरोबर म्हणायचो आणि तुमचा चेहरा असा काही व्हायचा की पुढच्या रविवारी मी परत "मुंहिंजी" म्हणायचो. सुरुवातीला खोटं पकडलं जाऊ नये म्हणून, नंतर त्या चेहऱ्यासाठी. किती शब्द असे मी विसरलो आणि परत शिकलो त्याचा हिशेब नाही.

अम्माला पहिल्या दिवशीच कळलं. तिला कॅम्पात बराकीचा एक कोपरा मिळालेला. तिने पाहुण्यांना देतात तसे पापड आणि पाणी समोर ठेवलं आणि माझ्याकडे बघून सिंधीत काहीतरी पुटपुटली, की या पोरालाही पापडासारखं वाऱ्यावर वाळत घातलेलं दिसतंय. मला हसू आलं. तुम्ही तोवर बाहेर फळा पुसायला गेलेलात. ती सिंधीतच म्हणाली, "तू विसरलास? माझ्या मांडीवर बसून शिव्या शिकलास तू." मी म्हणालो, "अम्मा, अण्णांना सांगू नका." तिने ताटलीतला पापड मोडला. मग पापडाचा तुकडा माझ्या हातात कोंबत म्हणाली, "मी कशाला सांगू? त्याला करायला काहीतरी मिळालंय."

मग चेटीचंड आला, त्यांचा वर्षाचा पहिला दिवस. आदल्या दिवशी आपण ठाण्यात गुढी उभारलेली. दुसऱ्या दिवशी कॅम्पातून सगळे कणकेचा दिवा लावलेलं ताट घेऊन उल्हास नदीवर निघाले. बिचारी नदी, त्यांच्या सिंधूपुढे ओहोळच. पण म्हातारी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून रडत होती. तुम्ही मला पुढे ओढलंत आणि हाक दिलीत. मी ओरडलो, "बेडाही पार!" छाती फुटेपर्यंत ओरडलो, अण्णा, गणपतीत राहिलेलं उत्तरसुद्धा त्यात घातलं. मग तुम्ही मला ते वाक्य म्हणायला लावलंत आणि मी चूक न करता म्हटलं. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, "पार विसरला होता. सहा महिन्यांत परत आणलं." गोड पिवळा भात वाढताना एक म्हातारे गृहस्थ तुमचे हात धरून म्हणाले, "साईं, आमची पोरं इथल्या शाळांत जातात. त्यांचंही जाणार. त्यांना शिकवा." मराठी माणसाला सिंधी लोक सिंधी शिकवायला सांगत होते आणि तुम्हाला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. तुम्ही खिशातून पेन्सिल काढून पोरांची नावं लिहायला घेतलीत.

पावसाळ्यात तुम्हाला टायफॉइड झाला. सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर तुम्ही ओळखू न येण्याइतके लहान झालेलात. आई डबा आणायला गेलेली, मी एकटा होतो. मी ठरवलेलं की आज सांगायचं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "म्हण." काय म्हणायचं ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "मुंहिंजी घर." तुमचे ओठ हलले. "जो," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "हो अण्णा, जो." तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर दोन दिवस तुम्ही होतात, पण बोलला नाहीत.

कॅम्पातल्या पोरांसाठी तुम्ही सुरू केलेला तो सिंधीचा क्लास अजून चालतो, मीच चालवतो. मला आवडतं ते काम, खोटं नाही सांगत, ऑफिस सुटल्यावर मी धावत जातो. दर चेटीचंडला कॅम्पात मोठा कार्यक्रम होतो, स्टेज, माईक, पोरींची गाणी, आणि मला दरवर्षी एकच किस्सा सांगायला बोलावतात. सगळं विसरलेल्या मुलाला त्याच्या मराठी बापाने रस्त्याने चालता चालता सिंधी परत कशी शिकवली. आयाबाया पोरांना पुढे आणून बसवतात. अम्मा पहिल्या रांगेत असते, माझ्या तोंडाकडे बघत. एकदाही काही बोललेली नाही.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, तिलासुद्धा नाही. यंदाचं बोलावणं आलंय आणि मी जाणार आहे. आणि अण्णा, गेल्या वर्षी मी त्या किश्श्यात माझ्या दोन चुका नव्याने रचून घातल्या. लोक खूप हसले.