निळा कान

४ फेब्रुवारी, मंगळवार

"हे मी तुला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं" – इति सर.

नाही सांगितलं! प्रकल्पासाठी शाळेची परवानगी मुख्याध्यापकांकडून नाही, संस्थेच्या कार्यालयातून आणायची, हे कोणी मला सांगितलं असतं तर मी शाळेच्या दारात चपला झिजवल्या असत्या का? हौस आहे मला? पण नाही. मार्गदर्शक म्हणजे देव. ते म्हणाले सांगितलं, म्हणजे सांगितलं. वर पुन्हा – "तुझं लक्ष नसतं. एका कानाने ऐकतेस आणि दुसऱ्याने सोडून देतेस."

त्यांच्या खोलीत बसणं हीच एक शिक्षा आहे. विद्यार्थ्यांना खुर्ची नाही. कपाटाला खेटून एक स्टूल, त्यावर आडवं बसायचं. सर डाव्या हाताला, उजवीकडे खिडकीत तो घरघरणारा पंखा. त्यात हे बोलणार मिशीतल्या मिशीत. माणसाने ऐकायचं तरी कसं?

५ फेब्रुवारी, बुधवार

परवानगी मिळाली. कार्यालयातल्या कारकुनाने सही आणून दिली, तोंडातून एक अक्षर न काढता. असा माणूस मला मार्गदर्शक म्हणून चालला असता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रूममेटशी भांडण. ही विज्ञान विभागातली. पावावर बुरशी वाढवते आणि तिचे फोटो काढते, हा तिचा प्रकल्प. आमच्या मजल्यावर तिला सगळे बुरशीवालीच म्हणतात. आज म्हणाली, "सकाळी तुला आंघोळीचं पाणी गेलंय म्हणून सांगितलं, तू हूं केलंस, आणि साबण लावून ओरडत बसलीस."

मी हूं केलं नाही. ती पलंगावर पडून, उशीत तोंड खुपसून बोलते. हूं उशीने केलं असेल.

सगळ्या जगाला पुटपुटायचा रोग लागलाय. एक आई तेवढी नीट बोलते. संध्याकाळी फोन उजव्या खांद्यात धरून कपड्यांच्या घड्या करत होते, तिचा एक शब्द चुकला नाही. घरी गेलं की तीसुद्धा पुटपुटते म्हणा. स्वयंपाकघरातून काहीतरी बोलते आणि मग बाबा म्हणतात, "महाराणींना ऐकू आलं का?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चौथीच्या वर्गात मागे बसून पाहिलं. माझा विषय इथेच आहे! वर्ग झाल्यावर बाईंना विचारलं, मागे पडलेली मुलं कोणती. त्यांनी पटापट दाखवली. प्रत्येकापुढे कारण एकच – लक्ष नाही. यांना ऐकू येतं का, हे कधी कोणी तपासलंय? "अहो, हाक मारली की बघतात ना!" संपलं. झाला तपास.

एक मुलगी खिडकीशी, शेवटच्या बाकावर. उजवीकडे रस्ता, डावीकडे सगळा वर्ग. पोरं तिला ढगातली म्हणतात. बाई फळ्यापाशी बोलत होत्या आणि ही मान पार डावीकडे वळवून इतर मुलांकडे बघत बसलेली. बाई म्हणाल्या, "बघा, हे असं. मी शिकवतेय आणि ही लोकांची तोंडं बघतेय." या महिन्याच्या शेवटी तिला 'क' तुकडीत टाकणार आहेत. 'क' तुकडी म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे गेलेलं मूल परत वर आलेलं बाईंना आठवत नाही. हे त्यांनी हसून सांगितलं.

त्या मुलीला ऐकू येत नाही. माझी खात्री आहे. मान अशी कोणी उगाच वळवत नाही. उजवा कान पुढे आणते ती! म्हणजे डावा गेलेला. हे मला दोन मिनिटांत दिसलं आणि बाईंना अख्ख्या वर्षात दिसलं नाही.

सिद्ध करणार. महिनाअखेरीस शिक्षण, विज्ञान, आरोग्य अशा तिन्ही विभागांच्या प्रकल्पांचं एकत्र प्रदर्शन आहे. तिथे मोठ्या अक्षरात लावणार – यांचं लक्ष आहे, तुम्ही विचारलं नाहीत!

१० फेब्रुवारी, सोमवार

विभागाने कान तपासायचं मशीन दिलं. दिलं म्हणजे काय, कपाटाच्या तळातून उपसलं. डबा, त्याला हेडफोन. लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या कानाला. बारीक बीप ऐकू आली की मुलाने हात वर करायचा. वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही, तरी सर म्हणतात चांगलं आहे.

कसलं चांगलं! खोलीवर आणून स्वतःला लावून पाहिलं. लाल बाजू स्वच्छ. निळी मेलेली! अगदी मेलेली नाही, आवाजाचं चाक चार खुणा वर नेलं की मग बोलते.

सरांना सांगितलं तर पुन्हा मिशीत काहीतरी. पंखा घरघरतोय, वर शिपाई कपाट ओढतोय. मी मान हलवली आणि उठून आले. काय बोलले असतील? "चालवून घे", दुसरं काय! दुरुस्तीला टाकलं तर प्रदर्शन होऊन जाईल.

आपणच तोडगा काढला. लाल बाजूला नेहमीची पातळी. निळ्या बाजूला चार खुणा वर. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. रोज सकाळी आधी स्वतःच्या कानाला लावून खात्री करायची, मग मुलांना. यंत्र नालायक असेल तर माणसाने डोकं वापरावं. हे सरांना कधी सुचलं नसतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चौथी पूर्ण. मुलं मजेत. एक पठ्ठ्या बीप नसतानाच हात वर करत होता. म्हटलं, काय रे? म्हणाला, "मला वाटलं बाईंच्या तासासारखं, उत्तर येत नसलं तरी हात वर करायचा." दोन मुलं उजव्या कानात अडकली. त्यांच्या घरी चिठ्ठी पाठवायला सांगितली. डाव्या कानात एकही नाही.

आणि ती? ढगातली?

पास. दोन्ही कान पास. डाव्या कानाला तिने प्रत्येक बीपला हात वर केला. हळूच, बोटं अर्धी मिटून, पण केला. मी परत घेतलं. परत पास. माझ्याकडे बघून हसली, आपण बरोबर केलं म्हणून.

मला रडू यायचं बाकी होतं. रडायचं कशाला? मुलीला ऐकू येतंय ही चांगली गोष्ट आहे. मग मला एवढा राग का येतोय?

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी आज शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, माझाच निकाल माझ्या तोंडावर मारला. "बघा. तुमच्याच मशीनने सांगितलं. कान ठणठणीत आहेत. म्हणजे पोरगी मुद्दाम करते. इतके दिवस मी तिच्यावर दया करत होते." आता दयाही गेली. तिला आज तासभर उभं केलं. मी बघत होते. मशीन माझं, निकाल माझा, सही माझी.

मधल्या सुट्टीत तिच्याजवळ गेले. बाकावर तिच्या डावीकडे बसले, विचारलं, "बाई बोलतात ते समजतं का?" तिने उत्तरच दिलं नाही. खिडकीतून रस्ता बघत राहिली. पुन्हा विचारलं. तरी नाही. इतकी चीड आली! तुझ्यासाठी मी सगळ्या शाळेशी वैर घेतलं आणि तू मला एक हो-नाही देत नाहीस? बाईंचं खरं असेल. असतात अशी मुलं. मुद्दाम करणारी.

असं मी लिहिलं. खोडत नाही. राग आहे तर आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी निकाल पाहिले. डाव्या कानाचे आकडे बघून भुवया वर. "इतक्या मुलांत डाव्या कानाचा एकही दोष नाही?" मग चार खुणांचं सांगावं लागलं. सांगितलं, अभिमानाने.

सर खुर्चीतून उठले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, इतके ओरडले. "मशीन स्वतःच्या कानावर नाही, आणखी दोघांच्या कानांवर तपासून घे, असं मी त्या दिवशीच सांगितलं होतं! तू मान हलवलीस!"

नव्हतं सांगितलं. आणि सांगितलं असेल तर त्या पंख्याला सांगितलं असेल.

निकाल अडवून ठेवलेत. मशीन तपासून आल्याशिवाय भिंतीवर एक कागद लावायचा नाही. बुरशी लागणार भिंतीवर, माझा प्रकल्प नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मशीन दुरुस्तीवाल्याकडे दिलं. आरोग्य विभागाची सगळी उपकरणं तोच बघतो. निळी बाजू बंद आहे, नीट बघा, असं चारदा बजावलं. तो काहीतरी बोलला, मी "अं?" केलं, तो पुन्हा बोलला. नुसतं "हो" म्हणत होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मशीन परत. डब्यावर चिकटपट्टीने कागद – दोन्ही बाजू बरोबर, दोष नाही.

दोष नाही! न उघडता परत पाठवलं असणार. मी लगेच लावून पाहिलं. लाल बाजू स्वच्छ, निळी तशीच मेलेली. कागद फाडून टाकला.

बुरशीवालीला म्हटलं, तूच घालून बघ आणि सांग. तिने घातले. माझी चार खुणांची मात्रा लावून बीप दिली. म्हणते, "निळ्या बाजूने उलट मोठा येतोय. कानात ओरडल्यासारखा." तिला काय कळतंय! दिवसभर जिच्याशी बोलते तिला कान नसतात. मी हे तिला बोलूनही दाखवलं. ती फार हसली नाही. म्हणाली, "तू ना, कोणाचं ऐकूनच घेत नाहीस." मग आणखी काहीतरी म्हणाली, भिंतीकडे तोंड करून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेत गेले होते. 'क' तुकडीत जाणाऱ्यांचे बाक जिन्याखाली नेऊन ठेवलेत. तिचाही. शुक्रवारपासून ती तिथे. तोवर वर्गात तिला बाकच नाही म्हणून दुसऱ्या एकीच्या बाकावर कोंबलंय. मी बाईंना म्हटलं, थोडं थांबा, मशीन बिघडलंय, मला परत तपासू द्या. बाई म्हणाल्या, "पास झाली की मशीन बिघडतं का हो तुमचं?"

परत येताना रस्त्यात स्वतःशीच मोठ्याने भांडले. एक मोटारसायकलवाला डावीकडून अगदी अंगावरून गेला, हॉर्न न वाजवता. मागे वळून शिव्या देत होता, म्हणे इतका वेळ वाजवतोय! खोटारडे. सगळे एकजात खोटारडे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. कामचोर म्हटलं. एका मुलीचं वर्ष तुमच्या आळसापायी जिन्याखाली जाणार, असंही म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला – फोनवर अगदी स्पष्ट आलं, शब्दन् शब्द – "ताई, मी तुम्हाला दुकानातच म्हटलं होतं. हेडफोन एकदा उलटे घालून बघा. लाल डाव्या कानाला, निळा उजव्याला. तरीही निळाच बंद आला तर दोष मशीनचा. या, फुकट नवं करून देतो."

दुकानातच म्हटलं होतं म्हणे! आता हाही तेच शिकला.

उलटे घालून काय होणार आहे? बिघडलेली बाजू बिघडलेलीच राहणार. घालते उद्या, त्याची जिरवायला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उलटे घातले.

निळा खणखणीत. लाल बंद.

काढले, पुसले, पुन्हा उलटे घातले. तेच. बुरशीवालीला डावीकडून काहीतरी बोलायला सांगितलं आणि मी डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "अगं, बोलले ना."

मशीन चांगलं आहे. त्या मुलीला पास मी केलं.

उद्या शाळेची घंटा व्हायच्या आत जिन्याखाली. आधी तिच्या उजव्या बाजूला बसायचं, मग बोलायचं.