ताटावरून उठल्यावर

विद्यानगर, हैदराबाद

ती. बाबांना नमस्कार,

हे विचारायची हिंमत नाही, म्हणून पत्र पाठवणारही नाही.

काल घरी जेवताना फोनवर कळलं, की माझ्या कामाचं श्रेय साहेबांनी दुसऱ्यालाच दिलं. मी थेट ताटावरून उठलो, अगदी तुमच्यासारखा! लगेच तुमच्या नातीनं, गौरीनंही ताट सरकवलं. "मलाबी नक्को."

तुम्ही उठलात की आईही जेवायची नाही आणि आमचेही घास घशाखाली उतरायचे नाहीत. ते आठवलं आणि मी घराबाहेर न जाता मोरीत गेलो. तिथे दुधाचं करपलेलं पातेलं होतं. साहेबांना मनातल्या मनात शिव्या घालत ते खसाखसा घासलं. पातेलं चकचकीत झालं, साहेबांशी शांतपणे काय बोलायचं तेही सुचलं आणि गंमत म्हणजे सपाटून भूक लागली!

गौरी दारात उभी होती. "बाबा, झालं का घासून? मी थांबलेय."

आम्ही दोघं गार वरणभात जेवलो.

बाबा, तुम्ही तरातरा गच्चीवर जायचात, तेव्हा तुम्हालाही भूक लागायची का? भीतीपोटी आम्ही कुणीच कधी बोलवायला आलो नाही. आलो असतो, तर खाली आला असतात?

तुमच्याच वळणाचा,
कौस्तुभ