वळसंगची मुळी

१५ जानेवारी १९३३, रविवार
नागव्वा म्हातारीने अखेर मुळी दाखवली; बांधावरच्या झुडपाखाली दोघांनी मिळून खणली! पहाटेच वळसंगला पोचलो. काविळीचे चौदा रोगी अंगणात, सगळे गप्प. घरातून निघाल्यापासून औषध पोटात जाईपर्यंत बोलायचे नाही — तिचा दंडक. पैसे पुढे केले तर म्हणाली, "ब्याड, नको. घेतलं की गुण जातो." आठ वर्षे कंपाउंडरकी करतोय, असा गुण पाहिला नाही. उद्या कुणी मुंबईवाला हे बाटलीत भरेल आणि म्हातारी तशीच मरेल. त्याआधी आपणच पेटंट घ्यावे.

१८ जानेवारी
गंगाधरपंत वकील म्हणाले, "गावभर वाटलं जातंय तोवर पेटंट कसलं? शोध नवा लागतो. आधी बाईचं वाटप बंद करा." अर्जात 'माझा स्वतःचा शोध' असे लिहिले.

घरी बायकोला सांगितले तर लीला भडकली. "औषधाला कसली हो मालकी? उद्या तुळशीला कुलूप लावाल!" म्हटले, शोधणाऱ्याचा काही हक्क नको? "शोधलं कुणी? तुम्ही?" बायकांना व्यवहार कळत नाही.

२२ जानेवारी
नागव्वाला सिद्धरामेश्वराची शपथ घातली — कुणाला द्यायचे नाही. निम्मा नफा तिचा, हेही सांगितले. ते तिने ऐकलेच नाही. "आता औषध तुमचं. मानसं बी तुमची."

२९ जानेवारी
पहाटे दार उघडले. ओट्यासमोर सात माणसे, पुढे एक लाल पागोटेवाला; सगळ्यांचे डोळे हळदीसारखे. वळसंगहून चालत आली असणार. एक शब्द नाही! तिच्या मुळीचा मी घरी काढा केला होता, त्याचा एकेक चमचा दिला. गेली.

५ फेब्रुवारी
एकोणीस. त्यात मागचे सातही. मुळी तीच, माप तेच, गुण नाही. काढा संपला.

६ फेब्रुवारी
वळसंगला धावलो. पाया पडलो. शपथ सोडवतो, तूच दे बाई! नागव्वा स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "हात इसरला, अप्पा. कुटं खनायचं, ध्यानात न्हाय." मीच बांधावर गेलो. ते झुडूप नाही. आम्ही खणलेला खड्डाही नाही.

१० फेब्रुवारी
कलकत्त्याहून पत्र — अर्ज दाखल झाला. लीलाला दाखवले नाही.

१२ फेब्रुवारी
रांग गल्लीच्या टोकापर्यंत. एकीच्या कडेवर लेकरू, तेही रडेना. ओरडलो, "जा! माझ्याकडे काही नाही!" कुणी हलले नाही. पहिला उभा होता तो लाल पागोटेवाला. तो बुधवारी वारला, असे कालच वळसंगचा गाडीवान सांगत होता. मी भ्यालो. फार भ्यालो.

१९ फेब्रुवारी, रविवार
लीला अंथरुणात नव्हती. दार उघडले. रांगेत सर्वांत पुढे तीच. डोळे पिवळे. हाका मारल्या, खांदे धरून हलवले. बोलत नाही. हात तेवढा पुढे केलाय.