बँडमास्तरांच्या पत्नीच्या हाती माइक दिल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : पेट स्कॅन विभागातून घरगुती भांडण ध्वनिक्षेपित केल्याबद्दलची कारणे दाखवा नोटीस मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपली सोमवारची नोटीस.

महोदय,

अर्जदार, म्हणजे या विभागाची भौतिकशास्त्रज्ञ, सविनय सादर करते की, नोटिशीत नमूद प्रकार घडला हे खरे आहे. मात्र त्यास भांडण म्हणणे उचित नाही, कारण बोलणारी बाजू एकच होती.

१. सदर रुग्ण निवृत्त बँडमास्तर असून, घशाच्या गाठीवरील उपचारानंतर रोग कुठे उरला आहे का, हे पाहण्यासाठी आले होते. आधी सीटीने शरीराचा नकाशा घेतला जातो व मग पेटची प्रतिमा. दरम्यान रुग्णाने हलू नये, इतकीच अपेक्षा असते. परंतु मास्तरांना यंत्राच्या घरघरीत ताल सापडला. डोक्यावर ठेवलेला उजवा हात पट्ट्यातून सुटून केव्हा खाली आला, हे त्यांनाही कळले नाही.

२. टोचलेल्या किरणोत्सारी औषधामुळे शरीरातून निघालेले काही किरण वाटेत धडकून दिशा बदलतात व भलत्याच जागेहून आल्यासारखे भासतात. असे भरकटलेले किरण किती असतील याचा अंदाज यंत्र नकाशावरून बांधते व तेवढे वजा करते. नकाशात हात एकीकडे आणि प्रत्यक्षात दुसरीकडे, त्यामुळे अंदाज फुगला व नको तेवढी वजाबाकी झाली. प्रतिमेत मानेपासून खांद्यापर्यंत रिकामा पट्टा उमटला, जणू तेवढ्या भागात मास्तर नव्हतेच. प्रतिमा तपासणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "इथे आजार नाही असं मी कसं लिहू? इथे मला काहीच दिसत नाहीये."

३. म्हणून मानेचा तेवढा भाग, हात अंगालगत बांधून, नकाशासह पुन्हा घेण्याचे ठरले. मास्तरांनी न हलण्याची शपथ घेतली आणि आता खांदे उडवू लागले. त्यांच्या पत्नी बाहेर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर ते हलत नाहीत. मला नुसतं बोलू द्या." अर्जदाराने त्यांना नियंत्रण कक्षात, शिशाच्या काचेमागे सुरक्षित बसवून माइक दिला.

४. बाईंनी "अहो, हलाल तर याद राखा!" अशी सुरुवात केली. पुढे लग्नात विसरलेली अंगठी, गळके छत, आणि धाकट्या दिरांनी नेलेली व परत न आलेली शिडी, असे विषय ओघाने आले. मास्तर पुतळ्यासारखे पडून होते. प्रतीक्षागृहातील स्पीकर चालूच राहिला, ही चूक सर्वस्वी अर्जदाराची. तथापि, स्पीकर बंद केल्यावर दोन रुग्णांनी आत येऊन शिडीचे पुढे काय झाले, अशी चौकशी केली, हेही नमूद करणे भाग आहे.

५. या वेळी प्रतिमा निर्दोष आली. रिकाम्या पट्ट्याच्या जागी, गळ्याच्या हाडामागे, वाटाण्याएवढा ठिपका स्पष्ट दिसला. डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितले, की आजार थोडा उरला आहे, पण लवकर सापडला, उपचार होतील. एवढा वेळ बोलणाऱ्या बाई गप्प झाल्या. मास्तरांनी पत्नीचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "अगं, बोल ना काहीतरी."

६. मग मास्तरच बोलू लागले. अंगठी आपण विसरलो नव्हतो, विकली होती, पहिले बिगुल घ्यायला, असे त्यांनी तेव्हा सांगितले. हे मात्र स्पीकरवर गेले नाही, याची अर्जदार खात्री देते.

सबब नोटीस मागे घ्यावी आणि पुढील तपासणीच्या दिवशी बाईंना आत बसण्याची लेखी परवानगी द्यावी, ही विनंती. त्यांनी विषय आत्ताच काढून ठेवले आहेत.

आपली, खुलासा देऊनही नम्र,
(स्वाक्षरी)
भौतिकशास्त्रज्ञ, पेट स्कॅन विभाग
दिनांक : १४, गुरुवार

सोबत : दोन्ही प्रतिमा, डॉक्टरबाईंचा अभिप्राय. बाईंचे निवेदन लेखी घेतलेले नाही, कारण विभागात तेवढा कागद नाही.