नाकातली वाकलेली फळी

तीर्थरूप बाबांना, रागावलेले असलात तरी नमस्कार.

माझ्या मैत्रिणीच्या भावाचा ठोसा नाकावर बसला, त्या क्षणी सगळं बदललं. जिन्यावरून पडलो असं कळवलं होतं, ते खोटं. पहिला हात मीच उचलला होता.

तब्येत छान आहे, फक्त नाकाने श्वास घेता येत नाही. आज ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधला पडदा पार पिळवटलाय. तो अख्खा बाहेर काढायचा, टेबलावर बारीक चिरा देऊन सरळ करायचा आणि परत आत शिवायचा."

बाबा, वाकलेल्या फळीला तुम्ही अशाच चिरा द्यायचात. अशा कितीतरी फळ्या तडकून चुलीत गेलेल्या मी पाहिल्यात. ते त्यांना सांगून मी ओरडलोच, "आणि तडकला तर?"

"सुताराचा मुलगा शोभतोस," त्या हसल्या. "तडकला तर तुकडे जोडून लावीन. फेकणार नाही."

पण बाबा, नाकाला दुसरी फळी कुठून आणायची?

आईला सर्दीचा इलाज चाललाय एवढंच सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

काळजी नको. माझी मैत्रीण सोबत येतेय.

तुमचा, कॉलेज सोडलेला पण तुम्हाला न सोडलेला,
धाकटा

ता. क. आठ वाजून गेले, ती आली नाही. घरच्यांनी अडवलं असेल. या खोलीचं दार फुगलंय. तुम्ही असतात तर रंधा मारून नीट बसवलं असतंत. दोन्ही हातांनी ते ओढून लावतो आणि एकटाच निघतो.