शाफ्टवरची खाच

३ फेब्रुवारी, सोमवार
एरॉलच्या बोटीचं गिअर ऑइल परत उतरलं! इंजिनशेजारी तेलाची बाटली असते, तिची पातळी आठ दिवसांत चार बोटं खाली. बोटीच्या पाठीला लागलेल्या स्टर्न ड्राइव्हमधून तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं — पाणी शिरलंय. हातपंपानं हवा भरली, साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे पंख्याच्या मागून. म्हणजे शाफ्टभोवतीचं रबरी सील गेलं. डिसेंबरात मीच बसवलेलं.

खाच पडलीय का बघायला पंख्याच्या शाफ्टवरून नख फिरवलं. गुळगुळीत. शाफ्ट चांगला म्हटल्यावर उरतं एकच — कुणाच्या तरी जाळ्याचा तंगूस, नायलॉनचा दोरा, पंख्यात अडकला आणि त्यानं सील कापलं. तंगूस काही सापडला नाही. निघून गेला असेल.

एरॉलला तसंच सांगितलं. बोट चालवतो काळूराम. एरॉलनं त्याला विचारलं, जाळ्यावरून नेलीस का? तो माझ्याकडे बघत राहिला, बोलला काहीच नाही. गप्प बसला म्हणजे त्याचंच! एरॉलनं त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. बारा वर्षांचा माणूस. मला काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
नवीन सील बसवलं. जेवलो. झोपलो.

९ फेब्रुवारी, रविवार
चर्चची मिसा चुकवली. अँजेला दिवसभर तोंड फुगवून. बायको आहे, फुगणारच.

१० फेब्रुवारी, सोमवार
एरॉल स्वतः चार दिवस बोट घेऊन फिरला. एकही जाळं आडवं आलं नाही, शपथेवर सांगतो. बाटली परत खाली! पुन्हा पंप, पुन्हा साबण, बुडबुडे तिथेच. आता तर बोटीवर काळूराम नाही. मग सील कापतंय कोण? एरॉलला म्हटलं, सील डुप्लिकेट निघालं. तोंडाला आलं ते बोललो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
शाफ्ट काढून घरी आणला, ओट्यावर ठेवला. नख फिरव, फिरव — काही नाही. शेवटी कंटाळून अँजेलाला म्हटलं, तू फिरवून बघ जरा. तिनं हात पुसले, नख फिरवलं.

"इथं अडकतंय की."

पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच. मी फिरवलं — गुळगुळीत. डाव्या हातानं — गुळगुळीत. चष्मा लावून उजेडात धरला तेव्हा दिसली. खाच. जुनं सील वर्षानुवर्षं घासून पडलेली. अशा शाफ्टवर कितीही नवी सीलं बसवा, तेल बाहेर आणि पाणी आत जाणारच. काळूरामचा काडीचा संबंध नाही.

अँजेलानं सुई आणली, माझ्या बोटांना टोचत गेली. कळतंय का, विचारत होती. नाही, नाही, नाही. कधीपासून, म्हणाली. शुगरची गोळी घेताय ना, म्हणाली. खरं लिहायचं तर बोटं बधिर झाल्याचं मला नाताळच्या आधीपासून ठाऊक आहे. इथेसुद्धा लिहिलं नव्हतं. चाळीस वर्षं या बोटांवर खाल्लं!

ती रडली. मी बघत बसलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
एरॉलला सांगितलं — शाफ्ट गेलाय, ओळखायला मी चुकलो, काळूरामचा दोष नाही. बोटांचं सांगितलं नाही. तो म्हणाला, मग तुम्हीच जाऊन त्याला बोलवा.

१५ फेब्रुवारी, शनिवार
गेलो नाही. काल पण नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

१६ फेब्रुवारी, रविवार
काळूराम उमेळ्याला एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन आहे. जाऊन सगळं सांगितलं, बोटांसकट.

"म्हाईत व्हतं मला, जॉनभाऊ. डिसेंबरात पंखा बसवताना पिन घुसली तुमच्या बोटात. रगत गळत व्हतं आनि तुमी गानं म्हनत व्हते."

मग त्या दिवशी बोलला का नाहीस, म्हटलं.

"बोललो असतो तर तुमाला काम कोन देनार? मला काय, कुटं पन मिलंल."

तिथेच गेटजवळ रडू फुटलं. लोक बघत होते.